उरलेल्या पेशी

योगिता निरगुडेची बोटं पहिल्यांदा पांढरी पडली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. पिंपळगावच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये ती माल तपासायला होती. हंगामात तिचे बरेच तास माल गार करायच्या, प्री-कूलिंगच्या खोलीत जायचे. तिथं पारा शून्याच्या जेमतेम वर. हातमोजे असले तरी द्राक्षाचा मणी दाबून पाहायचा तर एक मोजा काढावाच लागे. बोटं खडूसारखी पांढरी व्हायची, मग निळसर, आणि बाहेर उन्हात आली की लालबुंद होऊन ठणकायची. सोबतच्या बायका म्हणायच्या, "थंडी बाधली गं. ओव्याचा शेक घे."

मग एकदा भर मे महिन्यात, घरी फ्रीजमधून दुधाची पिशवी काढताना तिची बोटं तशीच पांढरी पडली.

पुढच्या वर्षभरात बोटांची कातडी ताणली जाऊन चकचकीत दिसू लागली. अंगठी निघेना, सोनाराकडून कापून घ्यावी लागली. कडकपणा हातातून दंडात चढला, मानेवर आला, चेहऱ्यावर आला. तोंड चमचा जाईल एवढंच उघडू लागलं. घास घशाखाली उतरायला पाण्याचा घोट लागे. नाशिकला जाऊन तपासण्या झाल्या आणि आजाराचं नाव कळलं, सिस्टेमिक स्क्लेरोडर्मा. जखम भरून काढायला आपलं शरीर कोलॅजेन नावाचा चिवट धागा तयार करतं आणि जखम भरली की थांबतं. या आजारात ते थांबतच नाही. जखम नसतानाही धागा विणला जात राहतो. आधी कातडीत, मग अन्ननलिकेत, मग फुफ्फुसात.

हे सुरू झालं तेव्हा तिचा मुलगा वेदांत जाऊन दोन वर्षं झाली होती. कॉलेजला होता, डेंगीचा ताप आला, चौथ्या दिवशी गेला. एकोणीस वर्षांचा. त्यानंतर घरात राहिले तिघं. योगिता, तिचा नवरा जनार्दन आणि धाकटी कस्तुरी. जनार्दनचं बाजारपेठेत कृषी सेवा केंद्र होतं. पूर्वी दुकान बंद करून घरी आला की तो ओसरीवर बसून मुलांशी वाद घालायचा, क्रिकेटवर, राजकारणावर, कशावरही. वेदांत गेल्यावर तो घरी येऊन जेवायचा आणि झोपायचा. योगिता पॅकहाऊसमधल्या जास्तीच्या पाळ्या मागून घ्यायची. दोघंही एकमेकांना काही लागलं का विचारायची, पण त्यापलीकडे बोलणं जायचं नाही.

आजार चेहऱ्यात उतरल्यावर योगिताचा चेहरा हलायचा थांबला. हसली तरी, चिडली तरी वरून सारखाच. वेदांतच्या श्राद्धाला तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र भिंतीसारखा. त्या दिवशी जनार्दनच्या चुलतभावानं कुणाच्या तरी कानात म्हटलेलं तिनं ऐकलं, "वहिनी लई खंबीर आहे."

आजाराच्या पाचव्या वर्षी, म्हणजे २०४१ च्या पावसाळ्यानंतर, तिची गाठ डॉ. नाझनीन काझींशी पडली. नाशिकच्या एका संशोधन रुग्णालयात त्या फक्त याच आजारावर काम करत होत्या. मूळच्या निफाडच्या. बोलणं मऊ, पण आडपडदा नाही. त्यांनी योगिताच्या कातडीचा आणि हाडातल्या मगजाचा नमुना घेतला होता. त्याचा अहवाल सांगायला तिघांनाही बोलावलं.

"योगिताताई, तुम्हाला मुलं किती?"

"ही एक," योगितानं कस्तुरीकडे बोट केलं. "मुलगा होता."

"माझ्या माहितीत ते आहे. तरी विचारावं लागतं." डॉक्टरांनी अहवाल पुढ्यात ओढला. "गरोदरपणी आईकडून बाळाला सगळं मिळतं हे आपल्याला माहीत असतं. पण बाळाच्याही काही पेशी आईच्या रक्तात येतात. बाळ जन्मलं की त्या सगळ्या निघून जात नाहीत. काही आईच्या मगजात, कातडीत, काळजात जाऊन राहतात. वीस, तीस, चाळीस वर्षं. बहुतेक आयांना त्यांचा काही त्रास नसतो. उलट कधी जखम भरायला त्या मदतच करतात. पण या आजाराच्या काही बायकांमध्ये, सगळ्यांमध्ये नाही, त्या बिथरतात."

"बिथरतात म्हणजे?" कस्तुरीनं विचारलं.

"त्या पेशी अर्ध्या आईच्या, अर्ध्या वडिलांच्या. घरच्याही आणि परक्याही. इतकी वर्षं सुखानं राहिलेल्या असतात आणि मग काही कारणानं त्यांना भोवतालचं शरीर परकं वाटायला लागतं. त्या धोक्याचा इशारा देत सुटतात. शरीराला वाटतं कुठे तरी जखम झालीय, ते धागा विणतं. इशारा थांबत नाही, म्हणून विणणंही थांबत नाही." त्यांनी पडद्यावर एक चित्र आणलं. जांभळ्या ठिपक्यांच्या गर्दीत मधूनमधून हिरवे ठिपके. "हे तुमच्या डाव्या हाताच्या कातडीतलं आहे, ताई. हिरव्या आहेत त्या पेशींत वाय गुणसूत्र आहे. ते बाईच्या पेशीत नसतं. तुम्हाला मुलगा एकच झाला. म्हणजे या पेशी त्याच्या."

जनार्दन खुर्चीत पुढे सरकला. "वेदांतच्या?"

"हो."

"जुन्या. मेलेल्या."

"नाही भाऊ. जिवंत आहेत. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार होतात, म्हणून तर इतकी वर्षं टिकल्या."

पुढे डॉक्टर उपचाराचं सांगत होत्या. योगिताच्याच रक्तातल्या संरक्षक पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना त्या वाय गुणसूत्राची खूण ओळखायला शिकवायचं आणि परत शिरेतून द्यायच्या. त्या अंगभर फिरतात आणि शोधून शोधून... इथं डॉक्टरांनी शब्द बदलला. "साफ करतात," त्या म्हणाल्या. ही चाचणीची दुसरी फेरी होती. पहिल्या फेरीतल्या निम्म्याहून जास्त बायकांची कातडी सैल झाली होती, श्वास सुधारला होता. काहींना काहीच गुण आला नाही. एक बाई तापात गेली. हेही त्यांनी सांगितलं.

जनार्दन त्या हिरव्या ठिपक्यांकडे पाहत होता. त्याच्या कानात यातलं काहीच शिरलं नव्हतं.

"आणि माझ्या?" निघताना कस्तुरीनं विचारलं. "माझ्या पेशी नाहीत मम्मीत?"

"असतील की. पण तू मुलगी. तुझ्या आणि आईच्या पेशी अशा रंगानं वेगळ्या दिसत नाहीत. आणि या उपचाराचा त्यांना धक्काही लागत नाही."

कस्तुरीनं मान हलवली.

त्या आठवड्यापासून जनार्दन बदलला. दुकानातून लवकर येऊ लागला. हातपाय धुऊन कोमट तिळाच्या तेलाची वाटी घेऊन योगिताजवळ बसायचा आणि तिचा हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळायचा. हे आधी कस्तुरी करायची, फिजिओथेरपिस्टनं सांगितलं होतं म्हणून, घाईघाईनं. जनार्दन घाई करत नसे. बोटांच्या टोकांना जखमा झाल्या होत्या, तिथं तो फुंकर घालायचा. दुकानात कोण आलं, काय बोललं ते सांगायचा. सात वर्षांत झालं नव्हतं एवढं बोलणं त्या दोन महिन्यांत झालं.

योगिताला ते हवंहवंसं वाटलं. संध्याकाळ झाली की तिचे कान फाटकाकडे लागायचे. आजारात माणूस जवळ आलं, असं तिला वाटलं. उपचाराचा विषय निघाला की "बघू, हंगाम होऊ दे" असं ती स्वतःच म्हणायची.

एके दिवशी तेल चोळता चोळता तो म्हणाला, "ह्याच हातात जास्त असतील का गं? का उजव्यात पण तेवढ्याच?"

तिला आधी कळलं नाही. मग कळलं.

तिनं हात काढून घेतला नाही. कडक झालेल्या त्या हाताला त्याच्या बोटांची ऊब लागत होती. इतके दिवस ती ऊब तिची आहे असं ती समजत होती. तिनं भिंतीकडे पाहत म्हटलं, "डॉक्टरांनी डाव्यातलंच दाखवलं होतं."

"मग ह्याच," तो म्हणाला आणि पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली.

सिन्नरहून नणंद आली. तिला जनार्दननं सगळं सांगितलं होतं. ती योगिताच्या पाठीवरून हात फिरवत "माझा वेदू, माझा वेदू" करत रडली आणि जाताना तिच्या हाताचा मुका घेऊन गेली. योगिताची तब्येत कशी आहे, हे तिनं विचारलंच नाही. त्या दिवसापासून योगिताला वाटू लागलं की आपण या घरातला देव्हारा झालोय. देव्हाऱ्याला कुणी दुखतंय का म्हणून विचारत नाही.

थंडी वाढली आणि तिचा श्वास कमी पडू लागला. न्हाणीतून खोलीपर्यंत यायचं तर मध्ये भिंतीला टेकून थांबावं लागे. छातीवर चिकटवलेली पट्टी दिवसभर फुफ्फुसांची मापं रुग्णालयाला पाठवत असायची. डॉ. काझींचा फोन आला. "आता थांबण्यात अर्थ नाही. फुफ्फुसात धागा एकदा पक्का झाला की मागे नेता येत नाही. पुढच्या महिन्यात घेऊ या."

तोपर्यंत जनार्दनला दुसरंच काही सापडलं होतं. अशा पेशी काढून गोठवून ठेवणारी एक कंपनी पुण्यात निघाली होती. त्यानं टॅबवर त्यांची चित्रफीत योगिताला दाखवली. पांढरे कोट, वाफाळणाऱ्या नायट्रोजनच्या टाक्या, प्रत्येक कुपीवर नाव.

"उपचार घे तू. मी नको म्हणत नाही," तो म्हणाला. "फक्त आधी थोड्या काढून ठेवू. उणे एकशे शहाण्णव अंशाला राहतात. कायमच्या."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? राहील ना तो."

"अहो, मी पंधरा वर्षं थंडीतच काम केलं. थंडीत ठेवलेला घड मी रोज हातात घेतला. तो वाढत नाही, पिकत नाही, त्याला गोडी येत नाही. खराब होत नाही, एवढंच."

"मला तेवढंच पाहिजे," जनार्दन म्हणाला. "खराब नको व्हायला."

तिनं नाशिकला जाऊन विचारायचं कबूल केलं.

डॉ. काझींनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, मला तुमचं कळतं. करता आलं असतं तर केलं असतं. पण ताईंच्या अंगात त्या विखुरलेल्या आहेत. जपण्याइतक्या मिळवायच्या तर आधी औषध देऊन त्या वाढवाव्या लागतील, मग रक्तात ओढाव्या लागतील. त्या वाढल्या की आजारही वाढेल. ताईंची फुफ्फुसं ते सोसणार नाहीत."

"किती वाढेल?"

"म्हणजे?"

"थोड्याच वाढवल्या तर? कमी औषध दिलं तर आजार किती वाढेल?"

डॉक्टरांनी समोरची फाईल मिटली. "मी हे करणार नाही," त्या म्हणाल्या.

परत येताना गाडी आपली आपण चालली होती. समोरच्या दोन्ही जागांवर बापलेक आणि मागे योगिता. चालवायचं काही नव्हतं, त्यामुळे रस्त्याकडे बघत गप्प बसायची सोयही कुणाला नव्हती. ओझर मागे पडलं तेव्हा कस्तुरी म्हणाली, "पप्पा, तुम्ही डॉक्टरांना काय विचारलंत, तुम्हाला कळलं का?"

"काय विचारलं?"

"मम्मीला किती मारलं म्हणजे दादा किती उरेल, हे विचारलंत."

"काय बोलू राहिली तू? तोंड सांभाळ."

"नाही सांभाळणार. सात वर्षं सांभाळलं." तिचा आवाज फाटला. "तो माझा पण भाऊ होता. त्याच्यासाठी मी पण रडले, आणि ते बाथरूममध्ये, तुम्हाला त्रास नको म्हणून. बंगळूरची नोकरी सोडून मी इथं मम्मीची वेणी घालते, तिला भरवते. तुम्ही तिचा हात धरून बसता तेव्हा मी तिथंच असते, पप्पा. तुम्ही एकदा तरी मान वर करून बघितलंत? जे जिवंत आहेत, ते मोजायचेच नाहीत का या घरात?"

कस्तुरी खिडकीकडे तोंड करून बसली. योगितानं मागून हात लांब करून तिच्या खांद्यावर ठेवला. हात कडक होता, बोटं वळत नव्हती, तरी कस्तुरीनं त्यावर गाल टेकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनार्दन दुकानाला निघाला तेव्हा योगितानं त्याला थांबवलं.

"मी जाणार आहे. उपचाराला."

तो चप्पल पायात अडकवता अडकवता थांबला. "तू आई आहेस त्याची."

"म्हणूनच जाते."

"असं कसं बोलवतं तुला?"

तिला सलग बोलायला दम पुरत नव्हता. ती थांबत थांबत बोलली. "वेदू लहान असताना मला एकदा कणकणी आली होती. आठवतं? खुर्चीवर चढून त्यानं माझ्यासाठी चहा केला. साखरेच्या जागी मीठ. मी सगळा प्यायले. तसं पोर ते. आता जे माझ्या अंगात आहे, ते माझा जीव घेतंय. ते त्याचं आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याला ठाऊक तरी आहे का, तो काय करतोय? त्याच्या हातून आपल्या आईचा जीव जायला नको. मला नाही त्याला तसं ठेवायचं."

जनार्दन खाली बघत होता.

"आणि अजून एक," ती म्हणाली. "तुम्ही रोज माझा हात धरता. मला फार बरं वाटतं. पण तुम्ही माझा हात धरत नाही."

तो तसाच, एका पायात चप्पल, उभा राहिला. मग दुसरी चप्पल घातली आणि गेला. त्या संध्याकाळी तेलाची वाटी तो घेऊन आला नाही.

संमतीपत्रावर योगिताची एकटीची सही पुरे होती. सही करताना डॉक्टरांनी शेवटची अट समजावली. शिकवलेल्या पेशी जन्मभर पहाऱ्यावर राहणार. म्हणजे यापुढे तिला कधी रक्त लागलं तर ते बाईचंच घ्यावं लागेल. कुठल्याच पुरुषाचं, नवऱ्याचंसुद्धा, चालणार नाही.

"चालेल," ती म्हणाली.

सोबत कस्तुरी राहिली. जनार्दन आला नाही. शिरेतून ती पेशींची पिशवी दिली तेव्हा काहीच विशेष झालं नाही. नेहमीच्या सलाइनसारखी तीही संपली. दोन दिवसांनी ताप चढला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ताप आला म्हणजे काम सुरू झालं. पण तो ताप साधा नव्हता. अंग भाजत होतं, हाडं ठणकत होती, शब्द सुचत नव्हते. कस्तुरी तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत बसली होती.

"कस्तुरी."

"काय मम्मी?"

"तो ओरडत तर नसेल ना गं?"

कस्तुरीनं पट्टी पिळली, पुन्हा ठेवली. "नाही. पेशीला आवाज नसतो, मम्मी."

"भीती?"

"भीती पण नसते."

"नक्की ना?"

"नक्की," कस्तुरी म्हणाली आणि मग बराच वेळ पाणी बदलायच्या निमित्तानं बाहेर उभी राहिली.

ताप आठवडाभर राहिला आणि उतरला. महिन्यानं पुन्हा मगज तपासला, कातडी तपासली. डॉ. काझींच्या आवाजातला आनंद फोनवरही लपत नव्हता.

"एकही नाही, ताई. आम्ही तीन वेळा पाहिलं."

"एकही?"

"एकही नाही."

योगितानं आभार मानले. फोन ठेवला. जनार्दन समोरच बसून वर्तमानपत्र चाळत होता. त्यानं ऐकलं होतं, तरी तिनं सांगितलं, "संपल्या सगळ्या." त्यानं पेपराची घडी घातली, नीट, चारही कडा जुळवून, आणि दुकानात गेला. नंतरचे काही आठवडे तो जेवायला यायचा आणि परत जायचा. झोपायलाही दुकानामागच्या खोलीतच. कस्तुरी चिडायची, पण योगिता तिला गप्प करायची. "असू दे. त्यांचं पोर गेलंय."

अंग मात्र सुटत चाललं होतं. आधी मानेची कातडी सैल झाली. मग एके दिवशी हाताच्या पाठीवर चिमटीत कातडी आली. पेरांजवळ सुरकुत्या उमटल्या. श्वास पूर्वीसारखा झाला नाही, होणारही नव्हता, पण न्हाणीतून खोलीपर्यंत ती न थांबता येऊ लागली. घास पाण्याशिवाय उतरू लागला. कस्तुरीला बंगळूरहून पुन्हा विचारणा झाली, तेव्हा योगितानंच तिची बॅग खाली काढली.

चैत्रात वेदांतचा वाढदिवस आला. तो गेल्यापासून दरवर्षी त्या दिवशी योगिता त्याच्या आवडीचं आमरस-पुरी करायची आणि सगळे न बोलता जेवायचे. त्या वर्षीही केलं. कस्तुरी गेलेली होती. जनार्दन येऊन ताटावर बसला. योगितानं त्याला रस वाढला, स्वतःला वाढून घेतला, पुरीचा तुकडा मोडला आणि तोंडाशी नेता नेता तिचा हात तसाच राहिला.

जनार्दननं वर पाहिलं. तिचे ओठ थरथरत होते. हनुवटी आकसली, भुवया एकमेकींकडे ओढल्या गेल्या, सबंध चेहरा गोळा झाला, आणि मग तोंड उघडून ती रडली. मोठ्यानं, लहान मुलासारखी, नाक-डोळे पुसायचं भान न राहता. चार वर्षं त्यानं तिच्या दगडासारख्या गालांवरून पाणी वाहताना पाहिलं होतं आणि तिला आतून फारसं काही होत नसावं, असं धरून चालला होता. हा चेहरा त्यानं पाहिला होता तो रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात, वेदांतला बाहेर आणलं त्या क्षणी. त्यानंतर आत्ताच.

"योगिता," तो म्हणाला.

ती रडतच राहिली. तो उठून तिच्या बाजूला बसला. काय करावं ते त्याला सुचेना. मग तोही रडायला लागला. स्मशानात तो रडला नव्हता, लाकडं आणायची होती, माणसं सांभाळायची होती. नंतर रडायचं राहूनच गेलं होतं. तो म्हणाला, "गेला गं. गेला तो," जणू ती बातमी त्यालाच पहिल्यांदा कळली होती आणि तिला सांगायची होती. ताटातला रस तसाच राहिला. खरकट्या हातानंच तो तिचं तोंड पुसत होता.

त्यानंतर तो घरी झोपायला येऊ लागला. सगळं पूर्ववत झालं असं नाही. कधी कधी तिच्या डाव्या हाताकडे बघता बघता तो उठून जायचा. ती जाऊ द्यायची. पण बोलू लागला. आणि ती भांडूही लागली, कारण आता तोंड उघडत होतं.

पुढच्या हिवाळ्यात तपासणीसाठी दोघं नाशिकला गेली, तेव्हा डॉ. काझी वऱ्हांड्यातच भेटल्या. चाळीसगावहून एक बाई आल्या होत्या. आजार हाच, पेशी मुलाच्याच, आणि मुलगा तीन वर्षांपूर्वी विहिरीत बुडालेला. त्या काहीच ठरवू शकत नव्हत्या. "तुम्ही बोलाल का त्यांच्याशी?" डॉक्टरांनी योगिताला विचारलं. "घ्या म्हणून सांगू नका, घेऊ नका म्हणूनही नको. नुसतं बोला."

योगिता आत गेली. बाहेरच्या बाकावर त्या बाईचा नवरा बसला होता. प्रल्हाद नाव. शेजारच्या जागेवर त्यानं कपड्यांची पिशवी ठेवली होती. जनार्दन समोर भिंतीला टेकून उभा राहिला. ओळख झाली. कोण कुठलं, ते झालं. मग प्रल्हाद म्हणाला,

"तुम्ही होऊ कसं दिलं हो?"

"मी नाही होऊ दिलं," जनार्दन म्हणाला. "मी तर नकोच म्हणत होतो. तिनं केलं. मी सोबतसुद्धा आलो नाही."

"मग तुमचं पोरगं..."

"माझं पोरगं जाऊन आठ वर्षं झाली." जनार्दन म्हणाला. "मला कळलं ते गेल्या चैत्रात."

आतल्या खोलीतून दोन बायकांचं हलक्या आवाजात बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. थोड्या वेळानं प्रल्हादनं शेजारची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि जनार्दनला बसायला जागा करून दिली.